गार इंजिनापाशी

घाई नसेल अशी वेळ निवडा. पाठ टेकवा, पाय जमिनीला लागू द्या, हात मोकळे सोडा. वाचता वाचता मध्येच थांबावंसं वाटलं तर खुशाल थांबा. इथे कुठे वेळेवर पोचायचं नाही.

आता बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बाजूच्या एखाद्या साखर कारखान्याचं यार्ड मनासमोर आणा. पौषातली पहाट आहे, चारचा सुमार. उसाने भरलेल्या वाहनांची रांग लागली आहे. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, दहाचाकी ट्रक, एका कडेला टायरच्या बैलगाड्या. पुढे ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीचा घरघराट अखंड चालू आहे. हवेत मळीचा आंबूस-गोड वास आहे. काट्यावर वजन झालं की गाडी पुढे सरकते, तेवढ्यापुरती मागची रांग हलते आणि पुन्हा थबकते. जागोजागी पाचटाच्या छोट्या शेकोट्या पेटल्या आहेत.

या रांगेतला एक ट्रक निवडा. रात्री दहाला त्याचं इंजिन बंद केलं, ते अजून बंद आहे. चालक केबिनमध्ये गोधडी गुरफटून पडला आहे. तुम्ही त्याच्या बंपरवर हात ठेवा.

लोखंड हवेपेक्षा गार लागतं. खरं तर ते हवेइतकंच गार आहे. फरक इतकाच की ते तुमच्या हाताची ऊब झपाट्याने ओढून घेतं. हात लगेच काढू नका. ऊब जाताना कशी जाते, ते हाताला कळू द्या. लोखंडाचं हे ओढून घेणं पुढे कामाला येणार आहे.

बीडमध्ये पाणी गोठत नाही. थंडीची लाट आली की बालाघाटाच्या पठारावर, पाटोद्याच्या बाजूला, पारा दहाच्या खाली उतरतो. उघड्या रानात अंग काकडतं, पण बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरत नाही. मग डिझेलची गाडी थंडीत सुरू करण्यावर मनन करायचं तर ते लडाखात करावं, इथे कशाला, असं मनात येईल. येऊ द्या. मला वाटतं, ते इथेच करावं. लडाखची थंडी धडधाकट इंजिनालाही अडवते. बीडची थंडी फक्त आधीपासून दुखत असलेल्या इंजिनाला अडवते. उन्हाळ्यात, पावसाळ्यात ज्याच्याकडे कुणी पाहिलं नाही, ते पौषातल्या पहाटे समोर येतं. इथली थंडी दुखणं देत नाही, दाखवते.

एवढं एक मनात धरा आणि आता इंजिनाच्या आत चला.

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. पेट्रोलच्या गाडीत प्लग ठिणगी टाकतो आणि मिश्रण पेटतं. इथे तसं काही नाही. सिलिंडरमध्ये आधी नुसती हवा येते. पिस्टन वर चढतो आणि ती हवा सतराव्या-अठराव्या हिश्शाएवढ्या जागेत दाबतो. दाबलेली हवा तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं, तोच हा गुण. सिलिंडरमध्ये तो इतक्या टोकाला जातो की हवा पाचशे अंशांच्या आसपास पोचते. त्या क्षणी नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडतो आणि आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आऊग्सबुर्गमध्ये हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. सव्वाशेहून अधिक वर्षांत पंप बदलले, नोझल बदलले, संगणक आला. पण पेटण्याची रीत तीच राहिली आहे: बाहेरून आग नाही, जवळची हवा दाबून काढलेली ऊब तेवढी आपली.

इथे क्षणभर थांबा. नाकातून हवा आत घ्या. आत येणारी हवा गार आहे, बाहेर जाणारी कोमट. त्या ट्रकच्या वाट्यालाही हीच पहाटेची हवा येणार आहे.

दुपारी अडतीस अंशांची हवा आत घेतली आणि पहाटे आठ अंशांची घेतली, तर सुरुवातीचा फरक तीस अंशांचा. पण दाबाच्या टोकाला हिशेब मांडला तर तोच फरक ऐंशी अंशांच्या पुढे जातो. त्यात सिलिंडरची भिंत गार. मघाशी बंपरने तुमच्या हाताची ऊब जशी ओढून घेतली, तशीच ही भिंत तापू लागलेल्या हवेची ऊब ओढून घेते. पिस्टन भरभर चढला तर भिंतीला ओढायला वेळ मिळत नाही. तो रेंगाळला तर ऊब भिंतीत जाते, आणि रिंगा झिजलेल्या असल्या तर दाबलेली हवाही त्यांच्या कडेने खाली निसटते. ऊब आणि दाब दोन्ही गेले. मग फवारा उडतो, पण पेटत नाही. न जळलेलं डिझेल पांढऱ्या धुराच्या रूपाने सायलेन्सरमधून बाहेर पडतं. पांढरा धूर दिसला म्हणजे डिझेल पोचतंय, ऊब पोचत नाही. काहीच धूर नसेल तर डिझेलच पोचत नाही. बघता येणाऱ्याला धुरावरून एवढं कळतं, आणि मग तो उगाच भलतीकडे हात घालत नाही.

म्हणजे सगळं येऊन अडतं ते पिस्टन पहिल्यांदा किती वेगाने चढतो यावर. तो वेग देते ती बॅटरी. तिच्यापाशी जरा जास्त वेळ बसू या, कारण बीडच्या थंडीत अडलेल्या गाड्यांपैकी पुष्कळशा इथेच अडलेल्या असतात.

ट्रकला बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट करतात. ट्रॅक्टरला बहुधा एकच. आत शिशाच्या पट्ट्या आणि पातळ केलेलं आम्ल. दोघांच्या संयोगातून वीज निघते आणि थंडीत तो संयोग मंदावतो. शून्य अंशाला चांगली बॅटरीसुद्धा आपल्या ताकदीतला पाचवा हिस्सा गमावते. आठ-दहा अंशांना एवढी घट होत नाही. त्या घटीने निरोगी बॅटरी अडत नाही. मग रांगेतल्या एखाद्या गाडीचा सेल्फ नुसता कण्हतो का?

उत्तरासाठी मागे, मे महिन्यात जा. बीडचा मे. बेचाळीस अंशांचं ऊन, इंजिनाची धग, हंगाम संपल्यामुळे गाडी अंगणात किंवा बाभळीखाली उभी. उष्णतेने आतल्या पट्ट्या झपाट्याने गंजतात. पाणी उडून जातं आणि पट्ट्या उघड्या पडतात. त्यातच गाडी महिना-दोन महिने चालूच केली नाही तर उतरलेल्या बॅटरीत पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर धरतो, आणि तो पुरता निघत नाही. उन्हाळ्यात इंजिन लवकर पेटतं, सेल्फला थोडी ताकद पुरते, म्हणून कुणाला काही कळत नाही. बॅटरी मे महिन्यात मरते आणि पौषात कळतं. लोक म्हणतात, थंडीने बॅटरी गेली. हा दोष थंडीचा नाही.

त्यात यार्डातली रांग भर घालते. गाडी सुरू करायची, चार गाड्यांइतकी पुढे घ्यायची, बंद करायची. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा तेच. प्रत्येक वेळी सेल्फ बॅटरीतून मोठा घास घेतो आणि डायनामोला तो परत भरून द्यायला पाच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. वर केबिनमधला दिवा, टेप, मोबाइलचं चार्जिंग. पहाटेपर्यंत भांडवल संपलेलं असतं. डिझेल वाचवायला इंजिन बंद करणं बरोबरच आहे. पण रांगेत रात्र काढायची असेल तर दिवा-टेप बंद ठेवणं आणि बॅटरीची टोकं संध्याकाळीच साफ करणं तेवढंच बरोबर आहे.

टोकांकडे पाहा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवा फुलोरा आला आहे. हात लावू नका, तो आम्लाचा आहे. मनातल्या मनात तो साफ करा. आधी ऋण टोकाची, म्हणजे अर्थिंगची वायर सोडा, मग धन. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ओता, फेस येऊन विरेपर्यंत थांबा, ब्रशने घासा, कोरडं करा. वायर आवळताना धन आधी, अर्थिंग शेवटी. वरून व्हॅसलिनचा हात. अर्थिंगची वायर चासीला जिथे जोडली आहे, तिथलाही गंज खरवडा. ती जागा चिखलात खाली असते, म्हणून नेहमी विसरली जाते. झाकणं उघडून पाणी पाहा. पट्ट्या बुडाल्या नसतील तर डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार असतात, ते भांड्यालाही सोडत नाहीत. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम आहे, आणि दिवसाउजेडी करायचं काम आहे.

आता डिझेल.

थंडीत खोबरेल तेल बाटलीत कसं थिजतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. डिझेलमध्येही मेण असतं. पारा उतरत गेला की ते आधी धुरकट होतं, मग मेणाचे बारीक कण फिल्टरच्या कागदात अडकतात आणि शेवटी डिझेल वाहायचंच थांबतं. ज्या तापमानाला ते वाहतं राहतं, त्याची मर्यादा आपल्याकडे मानकाने ठरवली आहे: हिवाळ्यासाठी ३ अंश, उन्हाळ्यासाठी १५ अंश. म्हणून बीडमध्ये हिवाळ्यात भरलेलं ताजं डिझेल थिजण्याची भीती जवळजवळ नाही. पण उन्हाळ्यात भरलेलं डिझेल टाकीत तसंच पडून असेल आणि थंडीची लाट आली, तर फिल्टर जड होऊ शकतो. हंगामात रोज पळणाऱ्या ट्रकला हे होत नाही. वस्तीवर उभ्या असलेल्या, क्वचित चालणाऱ्या ट्रॅक्टरला होऊ शकतं. त्याची टाकी दिवाळीनंतर एकदा ताज्या डिझेलने भरून घ्यावी.

लडाखात हीच गोष्ट जीवनमरणाची होते. तिथे पारा उणे तीसपर्यंत उतरतो. टाकीत डिझेल थिजू नये म्हणून चालक त्यात रॉकेल मिसळत आले आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने पानिपतच्या रिफायनरीत तयार केलेलं खास हिवाळी डिझेल लडाखसाठी आणलं. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. लष्करात गेलेली आपल्या भागातली पोरं तिकडे गाड्या चालवतात. रेडिएटरमध्ये साधं पाणी राहिलं आणि गोठलं तर ते फुगतं, जवळजवळ एक दशांशाने, आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉक तडकवतं, हे त्यांना पहिल्याच हिवाळ्यात शिकावं लागतं. नव्या बीएस-सहा गाड्यांमधला युरियाचा द्रव उणे ११ अंशांना गोठतो. बीडच्या चालकाला यातलं काहीच सोसावं लागत नाही. रेडिएटरमध्ये कूलंट मात्र त्यानेही घालावं, थंडीसाठी नव्हे, गंजासाठी आणि मेच्या उन्हासाठी.

बीडमधला डिझेलचा खरा शत्रू पाणी आहे. अर्धी रिकामी टाकी रात्री गार होते. तिच्यातल्या हवेतली ओल पत्र्याला आतून धरते आणि थेंब होऊन तळाशी जाते. डिझेलपेक्षा पाणी जड. म्हणून टाकी संध्याकाळीच भरावी, म्हणजे ओल धरायला हवाच उरत नाही. फिल्टरखालचा पाण्याचा कॉक रोज उघडून चमचाभर सोडावं आणि काय पडतंय ते पाहावं. काचेच्या भांड्यात धरलं तर तळाशी पाण्याचा वेगळा थर चटकन ओळखू येतो. फिल्टर बदलल्यावर लाइनमध्ये हवा राहिली की पहाटे गाडी एकदा सुरू होऊन गप्प होते. मग हँडपंप मारत हवा काढत बसावं लागतं, आणि गारठलेल्या बोटांनी ते नकोसं होतं.

एवढं झालं. आता केबिनमध्ये चढा.

पुढची रांग हलली आहे, कुणीतरी दारावर थाप मारली आहे. चालक उठून बसतो. शेजारी झोपलेला क्लीनर डोळे चोळतो आणि हात थेट किल्लीकडे नेतो.

“थांब रे,” चालक म्हणतो. “लगेच सेल्फ मारू नको. आधी किल्ली दे, जरा बसू दे तिला.”

“वस्ताद, मागचा हॉर्न मारतोय.”

“मारू दे.”

मागचा हॉर्न तुम्हीही ऐका. त्याला उत्तर द्यायची गरज नाही. किल्ली पहिल्या टप्प्यावर आहे. काट्यांचे दिवे लागले. हीटर असलेली गाडी असेल तर त्याचा छोटा दिवा विझेपर्यंत थांबायचं. सिलिंडरच्या तोंडाशी तेवढ्या वेळात एक तापलेली जागा तयार होते. नव्या इंजिनांना एवढ्या थंडीत त्याची गरज पडत नाही, जुन्यांना कधीकधी पडते. क्लच पूर्ण दाबा. गिअरबॉक्समधलं ऑइल रात्रभरात दाट झालं आहे, ते ढवळायचं ओझं सेल्फवर कशाला? ॲक्सिलरेटरवर पाय नको. आता सेल्फ मारा आणि मोजा. दहापर्यंत, फार तर पंधरा.

नाही झाली सुरू, तर सोडा. सेल्फ सोडल्यानंतरचं हे मिनिट मला या सगळ्या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं. या मिनिटात सेल्फची तापलेली तार निवते, बॅटरीत आम्ल पट्ट्यांपाशी पुन्हा सरकतं आणि गेलेली ताकद थोडी परत येते. पहिल्या फेऱ्यांनी सिलिंडरची भिंत थोडी तरी उबदार झालेली असते. काहीच न करता पुढची फेरी आधीपेक्षा बरी होते. जो हे मिनिट देत नाही, सेल्फ दाबूनच धरतो, तो बॅटरीही घालवतो आणि सेल्फही जाळतो.

हे मिनिट पूर्ण घ्या. साठ मोजू नका, नुसते बसा.

दुसऱ्यांदा इंजिन खोकतं, एक सिलिंडर पेटतो, मग दुसरा. केबिन हादरते, पांढरा धूर मागच्या गाडीवर जातो आणि हळूहळू विरतो. इंजिन लागलं. आता रेस करू नका. पंधरा-डब्ल्यू-चाळीस ऑइल आत असलं तरी गार असताना ते जडच असतं. ते वरच्या रॉकरपर्यंत आणि टर्बोच्या बारीक बेअरिंगपर्यंत पोचायला काही क्षण लागतात, आणि त्या क्षणांत लोखंडावर लोखंड घासत असतं. इंजिनाची बरीच झीज अशा गार सुरुवातींतच होते. ऑइलच्या दाबाकडे लक्ष ठेवा. शेजारच्या हवेच्या काट्याकडेही. ब्रेक हवेवर चालतात. टाकीत दाब भरल्याशिवाय हँडब्रेक मोकळा होत नाही, व्हावाही नाही. उसाने भरलेला ट्रक कच्च्या दाबावर पुढे काढणं म्हणजे रांगेतल्या माणसांच्या जिवाशी खेळ. काटा चढतो तोवर हॉर्न वाजू द्या.

दोन-तीन मिनिटं पुरे. तासभर नुसतं चालू ठेवून इंजिन नीट तापत नाही, उलट डिझेल जळतं आणि कोंडी होते. हळू चालवणं हीच त्याची खरी ऊब.

काही गोष्टी घाईत केल्या जातात त्यांबद्दल इथेच, सरळ. ऑइल तापवायला चेंबरखाली शेकोटी पेटवू नये. वर डिझेलची पाइप असते, भोवती उसाचं वाळलं पाचट असतं. हवेच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरू नये. हीटर असलेल्या इंजिनात तो वेळेआधी भडकून पिस्टन फोडू शकतो. आणि बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी घेऊन कुणीही झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, झोपलेल्याला जाग येत नाही. क्लीनर पोरगं असतं, त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. त्याला सांगा.

आता ट्रक रांगेत सरकला आहे. तो गव्हाणीत रिकामा होईल आणि पुन्हा फडाकडे निघेल. त्याच्याबरोबर निघा, पण केबिनमधून उतरा आणि रिकाम्या हौद्यात मागे उभे राहा. वारा अंगावर घ्या.

फडावर गाडी येण्याची वेळ ठरलेली नसते. ती रात्री दोनला येईल, पहाटे पाचला येईल. आली की ऊसतोड मजुरांच्या कोप्यांमधून टोळी उठते. दिवसभर ऊस तोडून जेमतेम पाठ टेकलेली असते, पण गाडी थांबवून चालत नाही. बाप्यामाणसं आणि बाया डोक्यावर मोळी घेतात आणि फळीवरून गाडीत चढतात. फळी दहिवराने ओली असते. पाचटही ओलं, चुंबळही ओली. जिला रात्री गाडी भरायला लागत नाही, तीसुद्धा दिवस उगवायच्या कितीतरी आधी चूल पेटवते, भाकरी थापते आणि पहिल्या उजेडाला कोयता घेऊन फडात उतरते. उसाच्या पानांवर दहिवर साचलेलं असतं. तोडता तोडता लुगडं गुडघ्यापर्यंत भिजतं आणि ऊन वर येईपर्यंत अंगावरच राहतं. पानाची धार बोटांना कापते ती वेगळीच.

या बाईपाशी थांबा. इंजिनापाशी जेवढे थांबलात तेवढेच.

इंजिनाला आपण दोन-तीन मिनिटं दिली. ऑइल वर पोचू दिलं, हवेचा काटा चढू दिला, गार असताना ओझं टाकलं नाही. मागचा हॉर्न वाजवत राहिला तरी वस्तादाने ऐकलं नाही, आणि आपल्याला ते शहाणपणाचं वाटलं. तिला गाडीचा हॉर्न ऐकून गोधडीतून सरळ मोळीखाली जावं लागतं. तिच्या पाठीच्या मणक्यांना, गुडघ्यांना, ओटीपोटाला तेवढी दोन मिनिटं कोण देतं?

आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी. बालाघाटाच्या या कोरडवाहू पट्ट्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊस तोडायला बाहेर पडतात. काही जिल्ह्यातच राहतात, पुष्कळशी सोलापूर, सांगली, कोल्हापूर, पुण्याकडे आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. एक दिवस आजारपणात गेला तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. म्हणून पाळीच्या दिवसांतही बाई फडातच असते, आणि फडाजवळ ना आडोसा असतो ना पुरेसं पाणी. अंगावरचं दुखणं अंगावरच काढलं जातं.

२०१९ साली हे आकड्यांत समोर आलं. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. दर सहा बायांमागे एक. आकडा वाचून लगेच पुढे जाऊ नका. सहा बाया डोळ्यांसमोर आणा, मोळी घेऊन फळीवर चढणाऱ्या, आणि त्यांतल्या एकीकडे पाहा.

दुखणं त्या शस्त्रक्रियेच्या दिवशी सुरू झालं नव्हतं. ते आधीच्या कितीतरी हंगामांत साचलं होतं: न बदललेल्या कापडात, दाबून धरलेल्या लघवीत, तेराव्या-चौदाव्या वर्षी लावलेल्या लग्नात, बाळंतपणानंतर महिन्याभरात डोक्यावर घेतलेल्या ओझ्यात. कुणी तपासलं नाही, आणि शेवटी जो डॉक्टर भेटला त्याने पिशवीच काढायला सांगितली. गाडीच्या बाबतीत असं कुणी करत नाही. फिल्टर तुंबला म्हणून पंप उपटून फेकणारा मेकॅनिक आपण दुसऱ्यांदा बोलावणार नाही.

इथे मन चिडेल. चिडू द्या, ते बरोबर आहे. फक्त त्या रागाला लगेच कुणाच्या तरी नावावर टाकून मोकळे होऊ नका. मुकादम, कारखाना, डॉक्टर, सरकार, प्रत्येकाचा वाटा आहे आणि तो ठरवावा लागेल. पण सध्या तो राग हातात धरून कामाच्या गोष्टीकडे वळा.

हंगामाला जाण्याआधी आणि परत आल्यावर ऊसतोड महिलांची आरोग्य तपासणी व्हावी, असं त्यानंतर ठरलं आहे. ठरणं आणि होणं यांत अंतर असतं. ते अंतर गाडीवाल्याने आपल्या ट्रकच्या बाबतीत कसं मिटवलं आहे, पाहा. त्याला ऑइल कधी बदललं ते तोंडपाठ असतं, किती किलोमीटर झाले तेही. दसऱ्याआधीच त्याने बॅटरीला पाणी घातलेलं असतं, पाटे तपासलेले असतात, नोझल काढून टेस्टिंगला दिलेले असतात, कारण गळीत सुरू झाल्यावर गाडी एक दिवसही उभी ठेवणं परवडत नाही हे तो जाणतो. जी तयारी हंगामाआधी होत नाही ती हंगामात होत नाही. बाईच्या तपासणीचंही अगदी हेच आहे. फडात गेल्यावर तिला दवाखान्यात नेणारं कुणी नसतं, खाडा परवडत नाही, आणि सांगली-कोल्हापूरकडच्या अनोळखी गावात डॉक्टर कोणता चांगला हे विचारायचं कुणाला? रक्त किती आहे, पांढरं जातंय का, पाठ कधीपासून दुखते, एवढं पाहायला गावाजवळच्या आरोग्य केंद्रात एक सकाळ पुरते. लोहाच्या गोळ्यांचं पाकीट आणि तपासणीचा कागद पेटीत घालून निघता येतं.

बीडमध्ये राहत असाल तर तुमच्या ओळखीत एखादा कोयता असेलच. शेतात कामाला येणारी, शेजारच्या वस्तीवरची, वर्गातल्या पोराची आई. तिला आठवा, तिचं नाव मनात घ्या. मग हा लेख बाजूला ठेवून एक चौकशी करा: तिची शेवटची तपासणी कधी झाली, आणि तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बायांना तपासणारी डॉक्टर कोणत्या वारी येते. तो वार तिला सांगा, आणि तिच्या मुकादमालाही सांगा. दसऱ्यानंतर गाड्या भरून निघतात. वार त्याआधीचा हवा.